चवथ झाली की करते

“मॅडम, मी आळशी नाही. साडेपाचला उठते, रात्री अकराला पाठ टेकते, मधे पाच मिनिटं बसत नाही. तरी जे करायलाच हवं तेवढंच राहतं. असं का?”

समुपदेशनात हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. या वेळी विचारणाऱ्या बाई गोव्यातल्या डिचोलीकडच्या होत्या, वय चाळिशीच्या आसपास, मामलेदार कचेरीजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वडील जाऊन तीन वर्षं झाली होती आणि सक्सेशन डीड (वारस कोण ते नोंदवणारा दस्त) अजून केलेलं नव्हतं. जमिनीच्या उताऱ्यावर वडिलांचंच नाव, बँकेतली ठेव अडकलेली. गंमत अशी, की पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्यापासून म्युटेशनपर्यंत (जमिनीच्या नोंदीत नाव बदलणं) लोकांचे अर्ज याच बाई दिवसभर टाइप करून देत होत्या. स्वतःचं काम मात्र शिगमा झाला की, शिरगावची जत्रा झाली की, पाऊस ओसरला की, चवथ (गणेशचतुर्थी) झाली की. अशा तीन चवथी गेल्या.

गोव्यात अशा माणसाला ‘सुशेगाद’, म्हणजे निवांत, आरामात जगणारा, म्हणून हसण्यावारी नेतात. साडेपाचला उठणाऱ्या बाईला तो शब्द लावणं अन्याय आहे, आणि त्याने निदानही चुकतं.

पहिल्या भेटीत एक वही दिली, बाकी सल्ला काही नाही. आठवडाभर दर अर्ध्या तासाला एक ओळ: काय केलं, आणि राहिलेल्या कामाची आठवण आली असेल तर बाजूला फुली. आठवड्यात नऊ फुल्या पडल्या. त्यांतल्या आठ रात्री आठनंतरच्या, म्हणजे दुकान बंद करून, जेवणाची भांडी घासताना. दिवसातला सगळा ताजेपणा ज्याचा अर्ज त्याला, आणि उरलेला गाळ स्वतःच्या कामाला. लोकांचं काम पुढे सरकतं कारण तो माणूस काउंटरसमोर उभा असतो आणि त्याची मुदत आजची असते. संशोधक मेंग झू आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: मुदत जवळची भासली, की माणसं कमी फायद्याचं काम आधी उचलतात, जास्त फायद्याचं बाजूला राहतं. डीडला मुदतच नव्हती. काउंटरसमोर त्याच्यासाठी कोणी उभं नव्हतं.

मग यादी. चौदा कामं, त्यांतली सहा ‘अतिमहत्त्वाची’. सहा पहिली कामं म्हणजे पहिलं काम एकही नाही. प्रत्येकाला तीन प्रश्न लावले: महिनाभर केलं नाही तर काय बिघडेल? बिघडलेलं नंतर दुरुस्त होईल का? माझ्याशिवाय कोणी करेल का? वीजबिल मुलगा मोबाइलवरून भरू शकत होता. टोनरची ऑर्डर फोनवर होत होती. आईच्या मोतीबिंदूची तपासणी महत्त्वाची, पण दोन आठवडे थांबू शकणारी. डीडपाशी आल्यावर बाई गप्प झाल्या. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तिला सगळं आठवतंय, हात स्थिर आहे, तोवर हे व्हायला हवं. हीच त्याची खरी मुदत, फक्त ती कॅलेंडरवर छापलेली नसते.

वेळ ठरली सकाळी सव्वाआठ ते आठ पंचावन्न, दुकानातच, शटर खाली. ‘रोज थोडं करेन’ असा नुसता निश्चय टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या अभ्यासाचं सार असं, की अमुक घडलं की मी अमुक करेन, अशी नेमकी जोडणी आधी करून ठेवली तर काम होण्याची शक्यता वाढते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य: “सव्वाआठला खुर्चीत बसले की मोबाइल गल्ल्यात टाकेन आणि निळी फाईल उघडेन.” त्या फाईलमध्ये उद्याची पहिली हालचाल आदल्या संध्याकाळीच चिठ्ठीवर लिहायची, तीही हाताने करता येईल अशी. ‘डीडचं बघणे’ चालणार नाही. ‘वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रती काढणे’ चालेल.

पहिल्या आठवड्यात सहापैकी पाच दिवस बसल्या. आनंद वाटावा असं होतं, पण फाईल उघडून पाहिली तेव्हा तिच्यात रंगीत विभाजक होते, स्टिकर होते आणि अनुक्रमणिका दोनदा टाइप केलेली, दुसऱ्यांदा ठळक अक्षरांत. तयारी ही टाळाटाळीची सगळ्यात सभ्य जागा आहे. तिथे माणूस घामाघूम होतो आणि काम जिथल्या तिथे असतं. दुसऱ्या आठवड्यात तर शून्य, वर स्वतःला दिलेल्या शिव्या. त्या थांबवणं सौजन्यासाठी नव्हतं. २०१० साली कॅनडातल्या विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या टाळाटाळीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली होती.

तिसऱ्या भेटीत प्रश्न बदलला: “फाईलमधला कोणता कागद हातात घेतला की पोटात गोळा येतो?”

उत्तर लगेच आलं. दादाच्या लग्नाचा दाखला. तो तिथे नव्हताच, नुसता रिकामा विभाजक होता. गोव्यात मुलगा-मुलगी समान वाटेकरी, आणि वारसांबरोबर त्यांच्या जोडीदारांची नावंही लागतात. म्हणजे मस्कतमधल्या दादाला आणि वहिनीला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि दादाशी शेवटचं बोलणं झालं होतं बाबांच्या तेराव्याला, हॉस्पिटलच्या बिलावरून. मानसशास्त्रज्ञ फुशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ साली मांडलं, की टाळाटाळ बहुतेकदा वेळेच्या नियोजनाची चूक नसते, नकोशा भावनेपासून तात्पुरती सुटका असते. इथे ती भावना एका फोन नंबरला चिकटली होती. तीन वर्षं अडलेलं काम दहा-बारा मिनिटांचं होतं.

आता पहिलं काम फोन. तो तसाच लावला असता तर बिलावरच गेला असता. म्हणून तीन वाक्यं लिहून घेतली: आई बरी आहे; डीडसाठी तुझ्या आणि वहिनीच्या लग्नाचा दाखला हवा; महिनाअखेरपर्यंत पाठवशील का? चौथं वाक्य नाही. त्याने बिल काढलंच तर “ते आपण वेगळं बोलू” एवढंच. वेळही बदलली. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवारी-शनिवारी, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. इथले साडेदहा म्हणजे तिथले नऊ. त्या शुक्रवारी दुकान अकराला उघडायचं ठरलं.

दादाने फोन उचलला नाही. याची तजवीज आधीच होती, नाहीतर “मी केला होता हो” म्हणून पुन्हा चवथीपर्यंत सुट्टी मिळाली असती: न उचलल्यास दुसऱ्या दिवशी त्याच वेळी. शनिवारी उचलला. अकरा मिनिटं, पहिली चार तो चिडलेला. मग त्यानेच विचारलं, आणखी कुठले कागद लागतील.

एक तपासणी सुरुवातीलाच केली होती, ती इथे सांगायला हवी. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, आवडीचंही करवत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, किंवा लहानपणापासून कुठलंच काम तडीस जात नसेल, तर वही आणि सव्वाआठची वेळ यांनी भागत नाही. त्यासाठी बांबोळीला मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, आणि १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. या बाईंना ते लागलं नाही.

सहाव्या भेटीपर्यंत डीड झालेलं नव्हतं. दाखला यायचा होता. दुसऱ्यावर अवलंबून असलेलं काम सव्वाआठच्या वेळेत धरून बसलं, की ती वेळ पुन्हा झाडझुडीत जाते. म्हणून वहीच्या मागच्या पानावर ‘वाट पाहणे’ असा रकाना केला: कोणाकडे, काय, पुन्हा कधी विचारायचं. दादाच्या नावापुढे २८ तारीख पडली. आणि सोमवारच्या चिठ्ठीवर बाईंनी स्वतःच लिहून आणलं होतं: आईच्या मोतीबिंदूसाठी तारीख घेणे, आधारची प्रत पिशवीत.