जुन्या साच्यात न बसणारा ताप

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा अर्जाचा मसुदा मिळाला. विषाणूंच्या जनुकक्रमाचा अभ्यास करण्यासाठी परदेशी प्रयोगशाळेत जावे का, असे तू विचारले आहेस. जावेस, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु मसुद्यातील एका विधानाशी मी अडलो. नवा रोग उद्भवला की प्रथम विषाणूचा जनुकक्रम काढायचा आणि त्यावरून रोग समजून घ्यायचा, असे तू लिहिले आहेस. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. नमुना कोणाचा घ्यायचा आणि त्यात काय शोधायचे हे ठरेपर्यंत जनुकक्रम काढणारे यंत्र स्वस्थच बसलेले असते, आणि ते ठरते ते आजारी कोण पडते आहे याच्या बारकाईने केलेल्या नोंदींवरून.

मलेशियातील निपाह विषाणूच्या साथीचे प्रकरण या दृष्टीने वाच. सप्टेंबर 1998 पासून इपोह शहराच्या परिसरात वराहपालकांमध्ये ताप आणि मेंदूज्वराचे रुग्ण आढळू लागले. डासांमार्फत पसरणारा जपानी मेंदूज्वर तेथे परिचयाचा, त्याचा विषाणू डुकरांमध्ये वाढतो हेही माहीत, आणि काही रुग्णांच्या रक्तात त्याच्या संसर्गाच्या खुणाही मिळाल्या. त्यामुळे निदान झाले असे समजून धूरफवारणी आणि लसीकरण सुरू झाले. रुग्ण मात्र वाढतच गेले. जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने मुलांना गाठतो, येथे तर डुकरांची रोज हाताळणी करणारे प्रौढ पुरुष अंथरुणाला खिळत होते. त्याच भागातील मुस्लिम कुटुंबांत रुग्ण जवळजवळ नव्हते, आणि डास काही धर्म विचारून चावत नाहीत. लस घेतलेली माणसेही आजारी पडत होती, डुकरे स्वतः खोकून बेजार होत होती. यांतील प्रत्येक गोष्ट कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यांसमोर होती, पण हाती आयते निदान असल्यामुळे तिला अपवाद म्हणून बाजूला सारणे सोपे गेले. मार्च 1999 मध्ये मलाया विद्यापीठातील चुआ काव बिंग यांनी रुग्णाच्या नमुन्यातून विषाणू वेगळा केला आणि तो अमेरिकेतील सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या प्रयोगशाळेत नेल्यावर तो अगदी नवा असल्याचे स्पष्ट झाले. तोवरच्या काही महिन्यांत आणि नंतरच्या काही आठवड्यांत मिळून सुमारे 265 रुग्ण आणि 105 मृत्यू नोंदले गेले आणि दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली.

आपल्या जवळचे उदाहरण माकडतापाचे, आणि ते मला अधिक बोधप्रद वाटते. 1957 मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि लाल तोंडाची माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. माकडे मरतात म्हटल्यावर पीतज्वर, म्हणजे आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला माकडांनाही मारणारा ‘यलो फीवर’, आशियात शिरला की काय, अशी धास्ती सर्वप्रथम वाटली. पुण्यातील विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने 1952 मध्ये स्थापन झाले होते. तेथून टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी गेले, नमुने गोळा झाले आणि विषाणू हाती आला तो रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला. मग हा इतक्या दूर आला कसा? स्थलांतरित पक्ष्यांनी आणला असेल या शंकेतून, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचे सिद्ध झाले नाही. आपल्याकडील पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी मात्र अमूल्य माहिती जमा झाली. चुकीच्या शंकेचाही पाठपुरावा शिस्तीने केला तर तो वाया जात नाही, असे मला हे प्रकरण वाचताना नेहमी वाटते.

खरा उलगडा जमिनीवर झाला, आणि तो करण्याची पद्धत तू स्वतः अनुभवावीस असा माझा आग्रह आहे. काठीला बांधलेले पांढरे फ्लॅनेलचे फडके पाचोळ्यावरून सावकाश ओढायचे, थोड्या अंतराने उलटून पाहायचे आणि तिळाहूनही लहान दिसणारी गोचिडांची पिल्ले चिमट्याने उचलून कुपीत टाकायची. कंटाळवाणे काम आहे. पण माकड मेले की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरतात आणि तेवढाच जमिनीचा तुकडा धोक्याचा होतो. माणसाला चावते ते बहुधा पिल्लू. जंगल तोडून चराईला सोडलेली गुरे विषाणू फारसा पसरवत नाहीत, पण मोठ्या गोचिडांना पोसून त्यांची संख्या वाढवतात. हे सारे अशाच खटाटोपातून कळले. 2016 मध्ये हा ताप सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आढळला, त्याआधी गोव्यातील सत्तरीत. काजूच्या हंगामात माणसे पाचोळ्यात वाकून बिया वेचतात आणि रोगाचा हंगामही साधारण तोच असतो. हा धागा जनुकक्रमात सापडणार नाही.

याचा अर्थ जनुकक्रम दुय्यम आहे असा घेऊ नकोस. सौदी अरेबियात 1990 च्या दशकात खाटीककाम करणाऱ्यांमध्ये आढळलेला अलखुर्मा विषाणू आपल्या माकडतापाच्या विषाणूचा सख्खा भाऊ आहे, हे जनुकांच्या तुलनेनेच कळले. दोघांचा प्रवास कसा झाला हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही आणि तुझ्या पिढीने हाती घ्यावा असा तो विषय आहे.

परदेशी जाताना आणखी एका बाबतीत सावध राहा. नमुने कोणाचे, त्यांवरची माहिती कोणाची आणि तीतून तयार झालेली लस कोणाला मिळणार, हे प्रश्न सौजन्याने सुटत नाहीत. इंडोनेशियाने 2007 मध्ये बर्ड फ्लूचे नमुने जागतिक जाळ्याला देणे थांबवले ते याच कारणाने. त्याच्यावर टीका पुष्कळ झाली, पण 2011 मध्ये फ्लूच्या विषाणूंपुरता वाटपाचा जागतिक करार झाला तो त्या अडवणुकीनंतरच. तेव्हा सही करण्यापूर्वी नमुन्यांच्या देवघेवीचा करारनामा ओळ न् ओळ वाच. मलेशियाला 1999 मध्ये आपला विषाणू ओळखण्यासाठी अमेरिका गाठावी लागली. 2018 मध्ये केरळात निपाह आला तेव्हा पुण्याच्या संस्थेने त्याची खात्री करून दिली, कारण येथे तशी अतिसुरक्षित प्रयोगशाळा उभी होती. तिकडे शिकलेले इकडे वापरता येईल अशी जागाही आतापासूनच पाहून ठेव.

अर्जातील ते विधान बदल आणि पहिल्या सहा महिन्यांत क्षेत्रकार्याची तरतूद माग. माकडतापाचा हंगाम डिसेंबरात सुरू होतो. जंगलात जायचे ठरले तर ऑक्टोबरपर्यंत मला कळव; परवानग्यांना वेळ लागतो. अंगभर कपडे, उंच मोजे आणि कीटकरोधक मलम यांत कसूर नको. या विषाणूने प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अनुभवी माणसांनाही गाठलेले आहे.

तुझा हितचिंतक