‘हूज लाइन इज इट एनीवे?’मध्ये सगळं खरंच आयत्या वेळी सुचतं का?

हो, कलाकार आयत्या वेळी विनोदी खेळ रंगवतात अशा या टीव्ही कार्यक्रमात विनोद तिथल्या तिथेच सुचतात. खरी चलाखी एडिटिंगची. चित्रीकरण बराच वेळ चालतं, फसलेले खेळ उडवतात आणि आपल्यापर्यंत पोचतो तो अर्ध्या तासाचा वेचक माल. कार्यक्रम १९८८मध्ये बीबीसी रेडिओवर सुरू झाला, त्याच वर्षी चॅनल फोरवर आला. अमेरिकन आवृत्ती १९९८ची. मला जास्त कौतुक गाण्यांचं. कीबोर्डवर लॉरा हॉल चाल धरते आणि वेन ब्रेडी जागच्या जागी यमकं जुळवतो. २००३चं एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं पारितोषिक, त्याला उगाच नाही मिळालं. पार्ल्यात तालमीनंतर आम्हीही हे खेळतो; कुणी ‘विरार फास्टमधला दंतवैद्य’ असा विषय दिला की आधी नुसती ततपप! बाकी कार्यक्रमात कलाकारांना मिळणाऱ्या गुणांचं म्हणाल, तर अमेरिकन आवृत्तीचा सूत्रसंचालक ड्रू कॅरी ते मनाला येतील तसे वाटायचा.