अप्रेंटिस मुलगा, 12 तासांची शिफ्ट आणि 50 हजारांचा बॉण्ड

पैठण तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न: मुलगा आयटीआय फिटर. वाळूजच्या कारखान्यात 8 महिन्यांपासून अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) आहे. शिकवणं काहीच नाही, 12-12 तास सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) जॉब, म्हणजे घडवायचे सुटे भाग, चढवतो-उतरवतो. ओरिजिनल मेमो (गुणपत्रक) आणि टीसी कंपनीने ठेवून घेतलेत. सोडलं तर 50 हजार भरा, असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलंय. काय करावं?

उत्तर: आधी मुलाच्या करारावर नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर त्याच्या लॉगिनमध्ये करार दिसतो. ट्रेड कोणता लिहिलाय तेही वाचा. करार फिटरचा असेल, तर फायलिंग, ड्रिलिंग, असेंब्ली, मेंटेनन्स हे सगळं त्याला शिकवायलाच हवं.

शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 च्या कलम 15 प्रमाणे सरकारी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइम लावता येत नाही. बॉण्डची भीती बाळगू नका. कलम 4 सांगतं की कायद्याशी विसंगत अट करारात चालत नाही. उमेदवाराच्या चुकीने करार मोडला तर प्रशिक्षणाच्या खर्चाचा आकडा सल्लागार ठरवतो, कंपनी नाही.

पण पोराला उद्यापासून घरी बसवू नका. न सांगता सोडलं की चूक त्याची धरली जाईल, आणि शेवटच्या परीक्षेचं राष्ट्रीय प्रमाणपत्रही जाईल. त्याने रोज वहीत तारीख, शिफ्ट, मशीन नंबर आणि सुटण्याची वेळ लिहावी. स्टायपेंडचं बँक स्टेटमेंट काढा. मग छत्रपती संभाजीनगरच्या आयटीआयमधल्या बीटीआरआय (शिकाऊ उमेदवारांच्या मूलभूत प्रशिक्षणाच्या) केंद्रात सहाय्यक शिकाऊ उमेदवारी सल्लागारांकडे मुलाच्या सहीने अर्ज द्या आणि तारखेची पोच घ्या. मागणी स्पष्ट लिहा: ट्रेडप्रमाणे शिकवा, कागद परत द्या, नाहीतर कलम 7 खाली करार संपवून भरपाई द्या. कंपनीच्या कसुरीने करार संपला तर शेवटच्या महिन्याच्या स्टायपेंडच्या तिप्पट रक्कम मिळते. सल्लागारांचा कलम 20 खालचा निर्णय विरोधात गेला तर अपिलाला 30 दिवस असतात.

नोंदणीच नसेल तर मामला अवघड होतो. नोंदणी नाही म्हणून उमेदवार आपोआप कामगार ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये म्हटलंय. म्हणून मुलगा प्रत्यक्षात उत्पादनाचंच काम करत होता, हे पुराव्याने दाखवावं लागेल. ती वही तिथे सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

मेमो-टीसी अडवून ठेवण्याचा कंपनीला अधिकार नाही. रजिस्टर पोस्टाने लेखी मागा. कागद देताना ‘स्वखुशीने सोडतो’ अशा चिठ्ठीवर सही मागितली, तर मुलाने ती करू नये. त्या एका सहीने भरपाईचा हक्क जाऊ शकतो.