लाख, तार आणि भुंगेरा

फोंडा, गोवा

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद.

रंग नाही, आवाज नाही, असा शंभर वर्षांहून जुना चित्रपट मी तुला आग्रहाने का पाहायला लावला, असे तू विचारलेस. व्लादिस्लाव स्टारेविचने १९१२ मध्ये रशियात केलेल्या ‘कॅमेरामनचा सूड’ची कथा किरकोळ आहे: भुंगेरा एका नर्तकीच्या, म्हणजे चतुर या पंखवाल्या किड्याच्या, नादी लागतो, तिने झिडकारलेला कॅमेरामन टोळ किल्लीच्या भोकातून त्या दोघांचे चित्रण करतो आणि भुंगेरा बायकोसह चित्रपट पाहायला जातो, तेव्हा नेमके तेच पडद्यावर येते.

ही पात्रे म्हणजे खरे, मेलेले किडे आहेत. स्टारेविच कीटकांचा अभ्यासक होता. या चित्रपटाआधी शिंगाड्या भुंगेऱ्यांची झुंज त्याला चित्रित करायची होती, पण दिव्यांच्या प्रखर उजेडात ते निश्चल होत; म्हणून त्याने मेलेल्या भुंगेऱ्यांना लाखेने तारेचे पाय जोडले आणि एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, टिपत त्यांना हलवले; हीच रीत या चित्रपटातही आहे. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या, तर या चित्रपटाच्या साधारण १२ मिनिटांना ११,५२० होतात. हा आकडा मला आजही अस्वस्थ करतो.

मला मात्र याहून मोलाचे वाटते ते वेगळेच. किड्याला भुवई नाही, ओठ नाहीत, त्यामुळे सगळा अभिनय मिशा, पुढचे पाय आणि मधेच थबकणे यांवर येऊन पडतो. तरीही त्या भुंगेऱ्याचा संताप आपल्यापर्यंत पोहोचतो. तू वाड्यावरच्या मुलांबरोबर दिवाळीला नरकासुराचा पुतळा उभा करतोस, तेव्हा कागदाच्या लगद्याचा तो चेहरा रात्रभर तसाच असतो, पण तलवारीचा हात वर जाऊन क्षणभर थांबला की लहान मुले मागे सरतात. तो थांबा किती वेळाचा असावा, हे तुला हाताने ठाऊक आहे. स्टारेविचलाही ते असेच ठाऊक असावे, असे मला वाटते.

म्हणून आता मोठी कथा लिहीत बसू नकोस. पावसाळ्यात व्हरांड्यातल्या दिव्याखाली मरून पडलेला एखादा भुंगेरा उचल, नरकासुराच्या सांगाड्याची उरलेली बारीक तार घे आणि फक्त दोन सेकंदांची हालचाल कर: त्याने मिशी उचलावी, थबकावे आणि वळावे. फोन घट्ट बांध, दिवा एकच ठेव आणि खिडकी बंद कर, कारण बाहेर ढग सरकले की उजेड बदलतो आणि इतक्या लहान जिवाची हालचाल त्यात दिसेनाशी होते. झाले की चवथीच्या आधी घेऊन ये. आपण एकेक फ्रेम थांबवून पाहू.

तुझा शुभचिंतक