प्रकाशस्रोतांचा ‘संयोग’ की ‘मिश्रण’?

प्रश्न असा आला आहे. पुण्यातल्या एका रुग्णालयासाठी दुर्बिणीच्या तपासणीचं माहितीपत्रक मराठीत तयार होतंय. त्यात एक वाक्य आहे: ‘या तपासणीत वेगवेगळ्या प्रकाशस्त्रोतांचा संयोग करून आतील आवरणाचे चित्र घेतले जाते.’ विचारणाऱ्या ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत. ‘संयोग’ बरोबर की ‘मिश्रण’? ‘स्त्रोत’ की ‘स्रोत’? आणि ‘एन्डोस्कोपी’ लिहायचं की ‘एंडोस्कोपी’?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते ठाम आहे. ‘स्रोत’. ‘स्रु’ म्हणजे वाहणे, पाझरणे. त्या धातूपासून हा शब्द आला. स्राव, स्रवणे ही त्याचीच भावंडं. मुळात त्यात ‘त’ कुठेच नाही. ‘स’वरून थेट ‘र’वर जाताना जीभ दातांमागे क्षणभर टेकते आणि मधे ‘त’ उमटतो. सहस्रचं ‘सहस्त्र’ होतं ते याच वाटेने. (इंग्रजीतला ‘स्ट्रीम’ याच धातूच्या घराण्यातला, आणि त्यातला ‘ट’सुद्धा असाच मागाहून शिरलेला आहे.) बोलताना तो आला तर येऊ दे, छापताना नको. तुमच्या पत्रकात पुढे कुठेतरी ‘रक्तस्त्राव’ असेलच. तोही ‘रक्तस्राव’ करून घ्या.

आता संयोग आणि मिश्रण. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाने आपल्याला हा भेद शिकवलेला आहे. मूलद्रव्यांचा रासायनिक संयोग झाला की संयुग तयार होतं आणि घटकांचे मूळ गुण उरत नाहीत. मिश्रणात मात्र ते जसेच्या तसे राहतात. प्रकाशाला हीच कसोटी लावून पाहा. लाल आणि हिरवा झोत भिंतीवर एकावर एक पडले की तिथे पिवळं दिसतं. पण त्या जागेवरून येणारा उजेड लोलकातून नेला, तर लाल लालच निघतो आणि हिरवा हिरवाच. पिवळा रंग आपल्या डोळ्यांनी ठरवलेला असतो. म्हणून ‘संयोग’ इथे बसत नाही. दोनांतलंच निवडायचं तर मिश्रण.

तरीही ‘प्रकाशस्रोतांचे मिश्रण’ मी लिहिणार नाही. स्रोत म्हणजे उगम, म्हणजे दिवा, आणि दिवे काही एकमेकांत मिसळत नाहीत. मिसळतो तो प्रकाश. मराठीत यासाठी ‘झोत’ हा उत्तम शब्द आहे आणि तो स्रोतापासून वेगळा ठेवायला हवा. दुर्बिणीच्या तपासणीत तर दोघांची जागाही बहुधा वेगळी असते: दिव्याची पेटी रुग्णाशेजारच्या ट्रॉलीवर, आणि तिथून काचतंतूंमधून गेलेला झोत पोटात, नळीच्या टोकाशी.

पण खरी अडचण याच्याही पुढची आहे. मूळ वाक्यातलं ‘एकत्र करणे’ हे यंत्रात एकाच पद्धतीने होत नाही, आणि क्रियापद त्या पद्धतीप्रमाणे बदललं पाहिजे.

काही यंत्रांत प्रकाश खरोखरच मिसळतो. फुजीफिल्मच्या एका पद्धतीत ४१० आणि ४५० नॅनोमीटरचे (हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप, त्यावरून रंग ठरतो) दोन लेझर असतात. ४५०चा किरण फॉस्फर या प्रकाश पडला की चमकणाऱ्या द्रव्याच्या थरावर पडून पांढरा उजेड देतो, ४१०चा जांभळट किरण त्यात कमीजास्त घातला जातो. ऑलिंपसने २०२० साली आणलेल्या यंत्रात जांभळा, निळा, हिरवा, पिवळट-केशरी आणि लाल असे पाच एलईडी आहेत. त्यांतले हिरवा, केशरी आणि लाल घेऊन रक्तस्राव नेमका कुठून होतोय ते शोधायला मदत होते. इथे ‘मिसळणे’ आणि ‘प्रमाण’ हे दोन शब्द पुरे आहेत.

दुसऱ्या प्रकारात प्रकाश मिसळतच नाही. झेनॉन दिव्यासमोर लाल, हिरव्या, निळ्या काचांची चकती फिरते. तिन्ही उजेड एकापाठोपाठ एक पडतात, रंग न ओळखणारी चिप प्रत्येकाचं वेगळं चित्र घेते आणि यंत्र तीन चित्रांचं एक रंगीत चित्र करतं. पिचकारीने आत पाणी मारलं की हे उघड दिसतं: थेंब इतक्या भरभर सरकतात की तिन्ही चित्रं एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि थेंबाभोवती लाल-हिरव्या-निळ्या कडा फुटतात. याला मिश्रण म्हणणं सरळ चूक ठरेल. प्रकाश ‘आलटून-पालटून टाकला जातो’ आणि चित्रं ‘जुळवली जातात’.

तिसरा प्रकार पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत दिसतो. इंडोसायनीन ग्रीन नावाचं द्रव्य शिरेतून देतात. त्यावर सुमारे ८०० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकला की ते स्वतः साधारण ८३० नॅनोमीटरला चमकतं. ती चमक कॅमेरा टिपतो, तिला पडद्यावर बहुधा हिरवा रंग दिला जातो आणि नेहमीच्या चित्रावर ती बसवली जाते. पित्ताशय काढताना पित्तनलिका कुठून जाते हे त्यामुळे कळायला मदत होते. इथे ‘चित्रावर चित्र चढवणे’ हेच साधं मराठी मला पटतं. ‘अध्यारोपण’ शुद्ध असेल, पण भूल देण्याआधी पत्रक वाचणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग?

आणि याच माणसासाठी मला आणखी एका क्रियापदाचा आग्रह धरायचा आहे: ‘रंग देणे’. नॅरो बँड इमेजिंगमध्ये, ज्याला डॉक्टर दिवसभर नुसतं एनबीआय म्हणतात, फक्त दोन अरुंद पट्टे वापरतात: ४१५ नॅनोमीटरचा निळा आणि ५४० नॅनोमीटरचा हिरवा. दोन्ही रक्तातलं हिमोग्लोबिन चांगलं शोषून घेतं. निळा वरच्या थरातच अडतो, हिरवा थोडा खोल जातो. पडद्यावर मात्र ४१५चं चित्र निळ्या आणि हिरव्या रंगाला जोडलेलं असतं आणि ५४०चं लाल रंगाला. त्यामुळे वरच्या बारीक रक्तवाहिन्या तपकिरी दिसतात आणि खालच्या मोठ्या शिरा निळसर-हिरव्या. यातला कुठलाच रंग आतड्याचा नाही, यंत्राने दिलेला आहे. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पित्त. एरवी पिवळं दिसणारं पित्त ४१५चा निळा शोषतं, ५४०चा हिरवा बराचसा परत पाठवतं, आणि म्हणून या चित्रात लाल दिसतं, अगदी रक्तासारखं. तपासणी चालू असताना जागा असलेला रुग्ण पडद्याकडे बघत असेल, डॉक्टरांनी बटण दाबलं आणि आत लाल ओघळ दिसले, तर त्याच्या मनात काय येईल? ‘वेगवेगळ्या प्रकाशस्रोतांचा संयोग’ वाचून त्याला यातलं काहीच कळलेलं नसतं. ‘काही वेळा चित्राला वेगळे रंग दिले जातात, त्यात पित्तही लाल दिसू शकते’ एवढं छापलं तर तो तरी निर्धास्त राहील.

मग या तिन्ही प्रकारांना कवेत घेणारा शब्द हवा असेल तर? तो पुण्यात वर्षानुवर्षं वापरात आहे, फक्त दवाखान्यात नाही. १९६८ साली सुरू झालेल्या बालगंधर्व रंगमंदिरात असो की सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरात, नाटकाच्या श्रेयनामावलीत नेपथ्याच्या जोडीला तो असतो: प्रकाशयोजना. कोणता दिवा, कोणत्या रंगाचा, किती तेज, कुणाबरोबर आणि कुणानंतर, हे सगळं त्या एका शब्दात येतं. रंगमंचावर दोन रंगीत झोत एकत्र पडू शकतात, एक मालवून दुसरा येऊ शकतो. दोन्हीला आपण प्रकाशयोजनाच म्हणतो. एंडोस्कोपीच्या यंत्रात बटण दाबून बदलतो तो ‘मोड’ हाच आहे. योजना बदलली, असं सरळ म्हणता येतं, आणि वाचणाऱ्याला शब्द ओळखीचाही वाटतो.

माझ्या मते वाक्य असं करावं: ‘या तपासणीत डॉक्टर गरजेप्रमाणे प्रकाशयोजना बदलतात. कधी पांढऱ्या प्रकाशात पाहतात, तर कधी ठरावीक रंगांचेच झोत टाकतात. त्यामुळे आतील आवरणावरील बारीक रक्तवाहिन्या अधिक ठळक दिसतात.’ आणि त्याला जोडून वरचं पित्ताचं वाक्य. मिसळणे, जुळवणे, चढवणे हे शब्द यंत्राची माहिती तंत्रज्ञांसाठी लिहाल तेव्हा वापरा. रुग्णाच्या पत्रकात त्यांची गरज नाही.

राहिला तिसरा प्रश्न. ‘एंडोस्कोपी’ लिहा, शीर्षबिंदू देऊन. स्पष्ट उच्चारल्या जाणाऱ्या अनुनासिकासाठी मराठीत शीर्षबिंदूच देतात. अर्धा ‘न’ संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द परसवर्णाने, म्हणजे पुढच्या अक्षराच्या वर्गातला अनुनासिक जोडून, लिहिताना चालतो, तो इथे नको. शीर्षकात मात्र ‘दुर्बिणीची तपासणी’ हेच ठेवा आणि एंडोस्कोपी पहिल्या ओळीत येऊ द्या, कारण फोन करून वेळ घेताना लोक ‘दुर्बीण टाकून बघायचंय’ असंच सांगतात.