आईला स्मृतिभ्रंश आहे, रात्रभर जागी असते, संध्याकाळी रडते. डॉक्टरांनी दिलेली क्वेटियापिन द्यावी का?

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी तुमच्या भावाचं म्हणणं लिहिलंय, ते वाचून लिहायला बसले. तुमचा मुंबईचा भाऊ म्हणतो, 'आईला गोळ्या घालून गुंगवू नकोस.' हेच वाक्य मला माझ्या नणंदेनं फोनवर ऐकवलंय. आणि त्याच नणंदेच्या घरी माझे सासरे झोपेच्या गोळीच्या गुंगीत पडले होते. म्हणून आधी ते सांगते, क्वेटियापिनकडे मग येते.

आम्ही इचलकरंजीचे. मामांची, म्हणजे सासऱ्यांची, सगळी हयात यंत्रमागावर गेली, त्यातही बहुतेक रातपाळीला. या आजारात माणसांची नावं गेली, नातवंडांची ओळख गेली, रातपाळी मात्र राहिली. घर निजलं की हे उठणार, सदरा चढवणार, आत्यांकडे, म्हणजे सासूबाईंकडे, डबा मागणार. शेजारच्या शेडमधले माग चालू असले की त्यातल्या त्यात शांत असायचे. वीज जाऊन खडखडाट थांबला की ताडकन उठून बसत, 'माग थांबले, जॉबरला बोलवा.' जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. अशा माणसाला रात्री दहाला झोप म्हणून कसं सांगणार? आम्ही दार आतून कुलपानं बंद ठेवायचो, चहा करून द्यायचो, जुन्या कांड्यांची (सूत गुंडाळायच्या नळ्यांची) टोपली पुढ्यात ठेवायचो. बोटं चालू राहिली की तासाभरात डोळा लागायचा. सकाळी उन्हात बसवायचं, दुपारी झोपू द्यायचं नाही. यानं रात्र पूर्ण मिळत नाही, पण निम्मी मिळते.

उरलेल्या निम्म्या रात्रीचं कारण सापडलं ते गोळ्यांच्या डब्यातच. स्मृतिभ्रंशावरची डोनेपेझिल रात्रीच्या जेवणानंतर चालू होती. त्या गोळीनं काहींची झोप उडते, भलती स्वप्नं पडतात. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी ती सकाळवर घेतली. सर्दीसाठी कुणीतरी आणून दिलेल्या गोळीत क्लोरफेनिरामाइन होतं. डोनेपेझिल मेंदूत जे रसायन टिकवायला बघते, त्याचंच काम ही गोळी अडवते. लघवीच्या घाईसाठी देतात ती ऑक्सिब्युटिनिनही त्याच जातीची. तुमच्या आईच्या डब्यात असलं काही आहे का, ते आज बघा. आणि गुडघे! उभ्यानं माग चालवलेल्या माणसाचे गुडघे. 'दुखतंय' हे त्यांना सांगता येत नव्हतं, ते फक्त ओरडायचे. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळेला पॅरासिटामॉल सुरू केली आणि संध्याकाळचं ओरडणं बरंच उतरलं. नॉर्वेत १८ वृद्धाश्रमांतल्या ३५२ रुग्णांवर असाच अभ्यास झाला होता, २०११ साली प्रसिद्ध झाला. दुखण्यावर पद्धतशीर औषध दिलं तर चिडचिड खरोखर कमी होते, हे त्यात दिसलं.

मग वन्सं त्यांना हौसेनं पुण्याला घेऊन गेल्या. रात्री जागायची सवय नसलेल्या घरात दुसऱ्याच रात्री सगळे वैतागले. ओळखीच्या मेडिकलमधून क्लोनाझेपाम ही झोपेची गोळी आली. मामा झोपले, सगळं घर झोपलं. पुढच्या एका पहाटे लघवीला उठले ते मोरीत पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी आले ते वेगळेच मामा होते. मागाचा भीम (सूत गुंडाळलेला मोठा रूळ) चोरायला माणसं आलीत असं दिसायचं त्यांना, आणि त्या माणसांना हाकलताना मार आत्यांना बसायचा. त्या सत्तरीच्या. एकदा मनगट सुजेपर्यंत पिरगाळलं.

तेव्हा आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी लघवी तपासली, पोट साफ होतंय का विचारलं, कारण नुसत्या जंतुसंसर्गानं किंवा बद्धकोष्ठानंही माणूस असा भ्रमिष्टासारखा वागतो. ते काही निघालं नाही. मग रिस्पेरिडोन, भास-भ्रमावरची (अँटिसायकोटिक) गोळी, पाव मिलिग्रॅमपासून. आणि लिहून देण्याआधी धोका सांगितला, अगदी आकड्यांसकट. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्ये या गटाच्या औषधांवर इशारा छापायला लावला. साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांत, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत शंभरात सुमारे २.६ मृत्यू झाले आणि खरी गोळी घेणाऱ्यांत सुमारे ४.५. बहुतेक हृदयाचे किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाचे. क्वेटियापिनही याच गटातली. आम्ही सगळं ऐकून होकार दिला. मामांना चोर दिसायचे थांबले नाहीत, पण हात उगारणं थांबलं. आत्या पुन्हा त्यांच्या शेजारी बसून त्यांना भरवू लागल्या.

हे कळल्यावर वन्संचा फोन आला, 'आण्णांना गुंगवून टाकलंत.' मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी चालली, कारण ती त्यांच्या झोपेसाठी होती. तपासून, धोका समजून, आत्यांचा मार वाचवायला दिलेली गोळी म्हणजे पाप. मी तेव्हा सासरच्या माणसांपुढे गप्प बसले. आता स्पष्ट लिहिते. रात्री जो उशाशी बसतो, गोळीबद्दल पहिला शब्द त्याचा. लांबच्या भावंडांना विचार पडत असेल तर त्यांनी यावं, पाहुण्यासारखं दोन दिवस नव्हे, रात्रीची पाळी घेऊन राहावं.

तुमच्या प्रश्नाबद्दल. नुसती झोप यावी म्हणून क्वेटियापिन नको, असं माझं ठाम मत आहे. झोप हा तिचा दुष्परिणाम आहे, काम नव्हे. भास होतायत, आई स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतेय, तर विचार करण्यासारखी. द्यायचीच तर दर सहा आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवा. पूर्ण डोस देऊनही चार आठवड्यांत फरक नसेल तर त्यांच्याच सल्ल्यानं कमी करत बंद. फरक पडला तरी चार महिन्यांच्या आत कमी करून बघायची असते. आमच्याकडे मामांची रिस्पेरिडोन पुढे अर्ध्यावर आली आणि अर्ध्यावरच राहिली.

रडण्यासाठी नैराश्याची गोळी मागायला जाल, तर हे माहीत असू द्या. ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंश आणि नैराश्य दोन्ही असलेल्या रुग्णांवर सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन तपासली होती, निकाल २०११ मध्ये आले. दोन्ही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत, दुष्परिणाम मात्र जास्त झाले. आईला आयुष्यात आधीपासून तीव्र नैराश्याचा आजार असेल तर गोष्ट निराळी. नाहीतर संध्याकाळी दिवे लवकर लावा, त्या वेळेला तिच्याजवळ कुणीतरी बसा.

मी डॉक्टर नाही. आणि माझं सगळं एका माणसावरून आहे, त्यामुळे दोन गोष्टी नीट वाचा. आईचे हातपाय ताठरतात का, चाल बारीक पावलांची झालीय का, आजाराच्या सुरुवातीपासूनच माणसं किंवा प्राणी स्पष्ट दिसतात का? तसं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. स्मृतिभ्रंशाच्या ल्युई बॉडी नावाच्या प्रकारात या गटाची औषधं, विशेषतः हॅलोपेरिडॉल, जिवावर बेतू शकतात. आणि माझं वाचून घरात चालू असलेली कुठलीही गोळी उद्या एकदम बंद करू नका. क्लोनाझेपामसारखी बरेच दिवसांची गोळी अचानक तोडली तर फिटसुद्धा येते.