वाचक विचारतात : कुलवृत्तान्तात आमच्या मुलाची नोंद कशी करावी?

प्रश्न : थोरली मुलगी नऊ वर्षांची असताना, 2003 मध्ये, आम्ही एका संस्थेतून दीड वर्षाचा मुलगा दत्तक घेतला. तो अजून मान नीट धरत नाही, एवढे संस्थेने सांगितले होते. सेरेब्रल पाल्सीचे निदान नंतर झाले. तो कधी बसला नाही, बोलला नाही, त्याला फिट्स येत, आणि त्याला घास बहुतेक मीच भरवत असे. डोळे वर नेले की ‘हो’ आणि घट्ट मिटले की ‘नको’, ही त्याची भाषा. मेतकूट नसलेली पेज तो तोंडात घेत नसे. सकाळी रेडिओवर संस्कृत बातम्यांची ‘इयम् आकाशवाणी’ ऐकली की खुदकन हसे. आमच्या घरात संस्कृत कोणालाच येत नाही. 2024 च्या पावसाळ्यात न्यूमोनियाने तो गेला. आता आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघते आहे. संपादनाचे काम पाहणारे चुलतदीर म्हणतात, “वहिनी, शिक्षण नाही, व्यवसाय नाही, त्यातून दत्तक. नाव गाळलेलेच बरे.” नोंद द्यायचीच असेल तर चार ओळींत द्या, असेही ते म्हणाले. त्या चार ओळींत काय लिहावे? यजमान याविषयी बोलत नाहीत आणि त्याच्या चाकांच्या खुर्चीला कोणाला हात लावू देत नाहीत. शिवाय एक गोष्ट मला सतत टोचते : माझ्या भरवण्यातच काही चुकले असेल का?
— एक आई, सातारा

उत्तर : नाव गाळू देऊ नका. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 याच्या कलम 12 प्रमाणे दत्तकविधानाच्या तारखेपासून मूल सर्व बाबतींत दत्तक घेणाऱ्या आईवडिलांचेच मानले जाते, आणि बाल न्याय कायदा, 2015 याचे कलम 63 देखील तेच सांगते. कुलवृत्तान्त हा कायद्याचा दस्तऐवज नव्हे, त्यामुळे दिरांपुढे कलमे वाचून दाखवण्याची गरज पडू नये. मात्र घराण्यात कोण आहे हे ठरवणे संपादकाच्या कामात येत नाही, एवढे त्यांना शांतपणे सांगता येईल.

त्यांची खरी अडचण दत्तकाची आहे, असे मला वाटत नाही. कुलवृत्तान्ताची जुनी आवृत्ती चाळून पाहा; वतन किंवा इनाम राखण्यासाठी घेतलेले दत्तक तिच्यात बहुधा सापडतील, आणि त्यांच्या नावापुढे तसे स्वच्छ लिहिलेलेही असेल. आपल्या इतिहासात तर अशी नावे पहिल्या पानावर असतात. नानासाहेब हे दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र. कवळाण्याचे गोपाळराव 1875 मध्ये बडोद्याला दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 1884 मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. ही दत्तके गादी चालवण्यासाठी होती, म्हणून ती कोणाला खटकत नाहीत. तुमच्या मुलाकडून घराण्याला पदवी, पैसा किंवा पुढची पिढी मिळणार नव्हती. दिरांचा संकोच तिथे आहे आणि दत्तकाचे निमित्त पुढे केले जात आहे. याच्या अगदी उलट उदाहरण अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे : तिथे शंकरबाबा पापळकर यांनी शंभराहून अधिक बेवारस, अपंग मुलांना स्वतःचे नाव लावले. त्यांना 2024 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नाव लावताना त्यांनी मुलांच्या शिक्षणाचा रकाना पाहिला नव्हता.

आता चार ओळींविषयी. अशा मुलांबद्दल लिहिताना बहुतेक घरांत दोनच गोष्टी लिहिल्या जातात : त्याने किती सोसले आणि आईवडिलांनी किती केले. दोन्ही खरे असले तरी त्यांत तो स्वतः कुठेच दिसत नाही. ‘देवाघरचे मूल’, ‘पूर्वजन्मीचे ऋणानुबंध’ हे शब्द टाळा; कोणाच्याही नोंदीत ते चालतात, आणि म्हणूनच तुमच्या मुलाच्या नोंदीत ते नकोत. तुमच्या पत्रातच चांगला मजकूर आहे. तो असा मांडता येईल :

“कै. (नाव). जन्म 2001. 2003 मध्ये दत्तक. सेरेब्रल पाल्सीमुळे चालणे व बोलणे नव्हते. होकार व नकार डोळ्यांनी देत असे. आकाशवाणीच्या संस्कृत बातम्यांचा नियमित श्रोता. मेतकुटाविना पेज नामंजूर. निधन 2024, सातारा.”

संपादकांना शेवटून दुसरे वाक्य थिल्लर वाटेल, वाटू द्या. ज्याला वाचा नाही त्याने घरादाराला स्वतःच्या आवडीप्रमाणे वागायला लावले, हे त्याच्या स्वभावाविषयी पुष्कळ सांगते. छायाचित्र देणार असाल तर खुर्ची कापून नुसता चेहरा देऊ नका. आणि चार ओळींत न मावणारे सगळे एका वहीत लिहून काढा. त्यात थोरल्या मुलीला, मदतीला येणाऱ्या मावशींना आणि फिजिओथेरपिस्टला एकेक पान द्या, कारण तुम्ही खोलीत नसताना तो कसा वागे, हे त्यांनाच ठाऊक आहे.

भरवण्याविषयी. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला इजा जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच झालेली असते. ती इजा स्वतः वाढत नाही, पण तिचे परिणाम वयाबरोबर बदलतात : सांधे आखडतात, पाठीचा कणा वाकतो, छाती पुरेशी फुगत नाही आणि खोकल्यात जोर राहत नाही. गिळण्याच्या स्नायूंचा मेळ बसत नसल्यामुळे अन्नाचे कणच नव्हे, तर झोपेतली लाळसुद्धा श्वासनलिकेत उतरू शकते, आणि तेही पुष्कळदा ठसका न लागता. तीव्र स्वरूपाच्या सेरेब्रल पाल्सीत श्वसनाचे विकार हे मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. हा धोका तुमच्या चमच्यातून आलेला नव्हता. इतकी वर्षे त्या चमच्यानेच त्याला जगवले. तरीही शंका राहिली, तर यजमानांना बरोबर घेऊन, त्याची कागदपत्रे घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारा. कदाचित यजमानांच्या मनातही हाच प्रश्न असेल आणि तो विचारायला ते धजत नसतील.

खुर्ची राहू द्या. अशी खुर्ची त्या मुलाच्या मापाने बसवलेली असते. पुढे दुसऱ्याला द्यावीशी वाटली, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून तिची मापे बदलून घ्यावी लागतील. फिट्सच्या उरलेल्या गोळ्या मात्र परस्पर कोणाला देऊ नका.

प्रश्न : शेजारच्या काकूंचा दत्तक घेतलेला, बहुविकलांग मुलगा नुकताच गेला. भेटायला येणारे ‘तो सुटला, आता तुम्हीही जरा मोकळ्या झालात’ असे म्हणतात आणि काकू मान खाली घालतात. मी काय बोलावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सांत्वनाची वाक्ये शोधू नका. त्याचे नाव घ्या आणि त्याची तुम्हांला आठवणारी एखादी गोष्ट सांगा. काकू पुढचे स्वतः सांगतील. ‘दत्तक असून किती केलेत’ हे कौतुकानेसुद्धा म्हणू नका. वर्षानुवर्षे त्याच्या औषधांच्या आणि कूस बदलण्याच्या वेळांवर काकूंचा दिवस चालत आला आहे, आणि त्या वेळा आल्या की त्या अजूनही उठत असतील. तेरावा झाल्यावर येणारेजाणारे कमी होतात. तुमचे जाणे त्यानंतर सुरू करा, आणि शक्य असेल तर त्याच्या जेवणाच्या वेळेला जा.